बोटाने वाचलेलं पत्र

४ जून

प्रिय टिंब,

तुझं पत्र पोचलं. टपालाने, हाताने लिहिलेलं, वर तिकीट चिकटवलेलं! तीन वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. मोबाईलवर जग चालवणाऱ्या मुलीने एकदम पाकीट पाठवलं, तेव्हा सूर्य पश्चिमेला उगवलाय की काय ते बघायला मी गॅलरीत जाऊन आलो. नेहमीच्या जागी होता.

पत्र वाचलं. छान लिहिलं आहेस. तुझी ओळ अजून शेवटाला खाली घसरते. शाळेत बाईंनी किती वेळा बजावलं, पण कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. मजकुराबद्दल सवडीने लिहीन. लगेच उत्तर द्यावं असं ते पत्र नाही, हो ना?

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आई त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते. मी सध्या ऑफिसला जात नाही. रजा साठली होती, ती संपवतोय.

ऑफिसात नवे कॉम्प्युटर आलेत. एके दिवशी सकाळी तपासायला प्रुफं हातात घेतली, तर सबंध पानाचा फॉन्ट उडालेला. फॉन्ट उडाला की पानाचं काय होतं ते तू लहानपणी पाहिलं आहेस. अक्षरांच्या जागी फुल्या, चौकोन, नुसतं कोंबडीने उकरलेलं अंगण. मी ऑपरेटरला चांगलंच फैलावर घेतलं. माणसांच्या जागी यंत्रं बसवली की असंच होणार, हे मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय.

यावरून आपलं शेवटचं भांडण आठवलं. तू म्हणालीस, पुस्तकातलं डोक्यात गेल्याशी कारण. ते डोळ्यांनी गेलं काय, कानांनी गेलं काय, की आम्ही बनवतो त्या यंत्राने दहा मिनिटांत सार काढून दिलं काय. मी म्हणालो, मग जेवता कशाला, सलाईन लावून घ्या. त्यावर तू बॅग उचललीस आणि ‘तुम्ही बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही’ म्हणालीस. मी बोलावलं नाही. सलाईनबद्दलचं माझं मत अजून तेच आहे.

बेल वाजली म्हणून उठावं लागलं. दूधवाला होता. तर काय सांगत होतो, इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आई त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते.

मोबाईलवर काही पाठवू नकोस. मी बघत नाही.

बाबा

१४ जून

प्रिय टिंब,

काल तुझा आईला फोन आला तेव्हा मी शेजारी बसून वाटाणे सोलत होतो. स्पीकर चालू होता. “बाबांनी माझं पत्र वाचलेलंच नाही,” तू म्हणालीस. “वाचलं असतं तर गुडघ्यांबद्दल लिहिलं असतं का? आणि तेही दोनदा?” आईने माझ्याकडे पाहिलं. मी वाटाण्यांकडे पाहिलं.

नाही वाचलं. मला वाचता येत नाही.

हे रागाने म्हणत नाही. नीट सांगतो, कारण आईने तुला काल जे सांगितलं ते रडत सांगितलं, आणि त्यातलं निम्मं तुला कळलं नसणार. इतके दिवस तिने तोंड उघडलं नाही ते मी शपथ घातली होती म्हणून. तिच्यावर रागावू नकोस.

फॉन्ट उडाला नव्हता, टिंब. मे महिन्यातली सकाळ होती. मी आणि तुझे स्वल्पविरामकाका टेबलाशी समोरासमोर बसलो होतो, नेहमीसारखे. तो लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचणार, मी प्रूफ बघत जाणार. मी पहिलं पान उचललं आणि ओरडलो, “फॉन्ट उडालाय!” ऑपरेटर पोरगी धावत आली. पान बघून म्हणाली, “काका, बरोबर दिसतंय हो.” मी म्हणालो, “हे बरोबर? डोळे तपासून घे आधी!” बिचारीने दुसरी प्रत काढून आणली. तिसरी आणली. मी मालकांच्या खोलीत जाऊन नव्या कॉम्प्युटरांच्या नावाने शिमगा केला. कोणी माझ्याशी वाद घालत नव्हतं, आणि वाद न घालणारं ऑफिस मी तिथे चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग तुझ्या काकाने माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि वाचायला लागला. “नदी शांत होती पूर्णविराम पलीकडच्या काठावर स्वल्पविराम झाडांच्या सावलीत स्वल्पविराम कोणीतरी उभं होतं पूर्णविराम.” तोच कागद होता. मला दिसत होतं ते कोंबडीने उकरलेलं अंगण, आणि त्यातून त्याच्या तोंडाने नदी निघत होती. काकाने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, “चल, दवाखान्यात जाऊ.”

मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची एक छोटी गुठळी झाली होती. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, चित्र काढून समजावतात. डोळे शाबूत, हात शाबूत, भाषा शाबूत. फक्त डोळ्यांकडून अक्षरांकडे जाणारी वाट बंद झालीय. उजव्या बाजूचं जरा अंधुक दिसतं, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. आकडे कळतात, त्यामुळे तारीख, घड्याळ, बसचा नंबर जमतो. बाईंनी मला एक वाक्य लिहायला सांगितलं. मी झरझर लिहिलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग पुन्हा माझ्यासमोर धरला. “काय लिहिलंय?”

मी विचारलं, “हे कुणी लिहिलंय?”

इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो. आणि खरं सांगू, इतका थक्कही झालो नव्हतो. कागदावरचं ते काळं काहीतरी बघून शब्द ऐकू येतात, ही केवढी अचाट गोष्ट आहे, हे मला ती गेल्यावर कळलं. मी जन्मभर पगार घेऊन ते करत होतो, आणि एकदाही दचकलो नाही.

तर हे पत्र मी लिहितोय, पण वरच्या ओळीत काय लिहिलं ते मला वाचता येत नाही. मध्ये उठलो की कुठवर आलो होतो ते विसरतो. म्हणून गुडघे दोनदा. कोणी ‘आणि आणि’ लिहिलं की मी घारीसारखी झडप घालायचो, एक ‘आणि’ लाल पेनाने उडवायचो. दुबार शब्द पानात राहिला तर मला जेवण जायचं नाही. आता माझीच पत्रं न तपासता जातात. हसू नकोस.

आई म्हणते, “आणा इकडे, मी वाचून दाखवते.” तू म्हणतेस, फोन द्या, मी तोंडाने सांगते. नको. तोंडाने सांगायचं असतं तर तू तिकीट लावलं नसतंस. ते मला लिहिलं आहेस, मीच वाचणार.

आणि तू आईला विचारलंस की येऊ का. आत्ता बोलावलं तर ते आजारी माणसाने बोलावणं होईल, आणि तू येशील ती आजारी माणसाला बघायला. आधी पत्र वाचतो, मग काय ते बघू. हे ऐकून आई म्हणाली, “बाप तशी लेक. तुमच्या दोघांत माझंच भरीत होतंय.” आणि वाटाणे उचलून आत गेली.

बाबा

२ जुलै

प्रिय टिंब,

आठवड्यातून दोनदा मी दवाखान्यात जातो. तिथे एक शिकवणाऱ्या बाई आहेत, तुझ्याच वयाच्या. मला अक्षरं दाखवतात, मी परीक्षेतल्या ढ पोरासारखा छताकडे बघतो.

बाहेर बाकांवर दहाबारा माणसं बसलेली असतात. सगळ्यांच्या हातात मोबाईल, माना खाली. पूर्वी असं दिसलं की मी मोठ्याने म्हणायचो, “माना मोडतील हो एक दिवस!” तू लाजेने चूर व्हायचीस. आता माझ्याकडे वाचायला काहीच नसतं, म्हणून मी माणसं बघतो. समोर एक बाई होती. अंगठ्याने काच सरकवत होती. सरकवता सरकवता थांबली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आवाज नाही, चेहरा नाही, हातात तळहाताएवढी काच आणि तिच्यावर काळे ठिपके. कुठेतरी कोणीतरी ते ठिपके उमटवले आणि इथे बाकावर ही बाई रडली! तिच्या शेजारचा म्हातारा दुसऱ्या काचेत बघून पोट धरून हसत होता. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. हल्ली कोणी वाचत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणत होतो? सगळा बाक वाचत होता. वाचत नव्हतो तो एकटा मी.

पण हेही लिहून ठेवतो: ती रडतेय हे त्या बाकावर मला एकट्यालाच दिसलं. म्हातारा तिच्या खांद्याला खांदा लावून बसला होता, त्याला पत्ता नव्हता. मी विचारलं, “काय झालं, ताई?” ती दचकली, मग हसली. म्हणाली, “भाची चालायला लागली. इतकी वर्षं आशा सोडली होती सगळ्यांनी.” मग तिने मला सगळी हकीकत सांगितली, आत नाव पुकारेपर्यंत. जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेली. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, “आजारपणात तुम्हाला माणसं भेटायला लागली म्हणायची.”

आता मुख्य बातमी. ही वाचताना खुर्चीत बस.

परवा सकाळी तुझं पत्र समोर पसरून बसलो होतो. रोज बसतो. नुसती रेघोट्यांकडे बघतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. त्या दिवशी आईशी बोलता बोलता माझं बोट आपसूक पहिल्या शब्दावरून फिरलं. तू पेन टेकवलंस तिथे टेकलं, तू वळवलंस तिथे वळलं, वर जाऊन आडवी रेघ ओढली. आणि बोट म्हणालं, ‘बा’. डोळ्यांना काही कळलं नव्हतं, टिंब! हाताला कळलं. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा ‘बा’. मी आईला म्हणालो, गप्प बस. ती भांडायच्या तयारीने वळली, माझं तोंड बघून खरंच गप्प बसली.

‘बाबा’ हा एक शब्द मला दुपारच्या जेवणापर्यंत पुरला. जेवण गार झालं.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी. डोळ्यांची वाट बंद असली तरी हाताला लिहिण्याची वाट पाठ असते, तिकडून आत शिरता येतं. छापील अक्षर अवघड जातं, कारण ते कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते बोटाला कळत नाही. हाताने लिहिलेलं सोपं. तू तुझ्या यंत्रावर टाईप करून पाठवलं असतंस तर मी अजून छताकडे बघत बसलो असतो. तुला काय सुचलं आणि तू पेन उचललंस, देव जाणे.

मला तर सारखं एकच नवल वाटतं. तू इतक्या लांब कुठल्याशा खोलीत बसून जो हात फिरवलास, त्याच वाटेने माझं बोट चालतंय. कुठे थांबलीस ते कळतं, तिथे शाईचा ठिपका मोठा आहे. कुठे घाई केलीस तेही कळतं. तीन वर्षांत आपण एकमेकांच्या इतके जवळ बसलो नव्हतो.

तुझ्या यंत्राबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आईने ते तिच्या मोबाईलवर घेतलंय. तिने ते माझ्या औषधाच्या बाटलीसमोर धरलं आणि त्याने मुंगीएवढी अक्षरं न अडखळता वाचून दाखवली. माझा आ वासलेला राहिला. न राहवून मी त्याला विचारलं, “काय रे, तुला कळतं का काय वाचतोयस ते?” ते म्हणालं, “वापरण्यापूर्वी बाटली हलवून घ्यावी.” आई हसून हसून खाली बसली. तुझी कारागिरी चांगली आहे, हे मी कबूल करतो. तुझं पत्र मात्र त्याच्यासमोर धरू देणार नाही.

बाबा

२१ जुलै

प्रिय टिंब,

तुझे स्वल्पविरामकाका आता रोज सकाळी येतात. ऑफिसात प्रुफं तपासायला कॉम्प्युटर बसवला. तो चुका लाल करून दाखवतो, आणि बऱ्याचशा बरोबर दाखवतो म्हणे. काकाला मालकांनी सांगितलं, आता मोठ्याने वाचायची गरज नाही. पहिले काही दिवस तो आमच्या टेबलाशी एकटाच बसून मनात वाचत होता. मला म्हणाला, “समोर कोणी नसताना वाचलं की मला वाटतं मी चोरी करतोय.” त्याने राजीनामा दिला, छत्री घेतली आणि आपल्याकडे आला. आता आपल्या जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसून अख्खं वर्तमानपत्र विरामचिन्हांसकट वाचतो. मी कानांनी चुका पकडतो. काल अग्रलेखात ‘की की’ सापडलं. आम्ही दोघांनी टेबलावर अशी थाप मारली की आई पोळपाट टाकून बाहेर आली.

तुला आठवतं, तुला गोष्ट वाचून दाखवतानाही मला विरामचिन्हं बोलल्याशिवाय राहवायचं नाही? “एका जंगलात स्वल्पविराम नदीच्या काठी स्वल्पविराम एक हत्ती राहत होता पूर्णविराम.” तू ऑफिसात टेबलाखाली बसून आमचं ऐकायचीस, म्हणून तुलाही ते तसंच लागायचं. शाळेत बाईंनी गोष्ट वाचली तर घरी येऊन तक्रार केलीस, त्यांना नीट वाचता येत नाही. काकाला ते नाव तूच ठेवलंस. त्याला ते स्वतःच्या नावापेक्षा आवडतं.

हे सगळं लिहितोय, कारण जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नाही.

पत्र चाललं होतं. दिवसाला दोन ओळी, बरा दिवस असला तर तीन. बोटाला आता घट्टा पडलाय. पहिल्या परिच्छेदात तू आईच्या तब्येतीची चौकशी केलीस, माझ्या खोकल्याची केलीस, तुझ्या खिडकीतल्या झाडाबद्दल लिहिलंस. मी एक एक शब्द चाखत चाललो होतो. मग दुसरा परिच्छेद सुरू झाला. पहिलं वाक्य असं: ‘बाबा, मला वाचता येत नाही.’

मी हात मागे घेतला. हे तर माझं वाक्य! तू पत्र लिहिलंस तेव्हा तुला माझं काही माहीत नव्हतं. मग हे तिथे आलं कुठून? मी पुन्हा बोट फिरवलं. तेच. तिसऱ्यांदा, तेच. मला वाटलं, मी वाचत नाहीये. बोट नुसतं माझंच रडगाणं गिरवतंय. म्हणजे ते झाड नाही, खोकल्याची चौकशी नाही, ‘बाबा’सुद्धा नाही. मला ऐकायचं होतं तेच मी तुझ्या कागदावर गिरवत बसलो होतो.

पाच दिवस मी पत्राला हात लावला नाही. आईशी बोललो नाही. काका वाचत होता, मी एक ‘की की’ न पकडता सोडून दिलं. ते त्याच्या लगेच ध्यानात आलं.

“काय झालंय तुला?” त्याने विचारलं.

मी पत्रातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “माझं बोट खोटं बोलतंय की खरं, ते मला कळत नाही.”

त्याने खिशातून पेन काढलं. मग वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “वाच. यात तुझ्या मनातलं काही नाही, माझी हमी.”

मी बोट टेकवलं. खूप वेळ लागला. अक्षर त्याचं, म्हणजे अंगणभर सांडलेले तांदूळ. शेवटी मी मोठ्याने म्हणालो, “वहिनी… चहात… साखर… कमी… घालतात.”

“बरोबर,” काका म्हणाला. “पण हळू बोल.”

आतून आई म्हणाली, “ऐकू आलंय मला.”

मी इतका हसलो की खोकला आला, आणि खोकता खोकता रडलो. बोट खरं बोलतंय, टिंब. म्हणजे ते वाक्य तुझं आहे.

मग तुला काय झालंय? डोळ्यांना काही झालं का? मी आईला विचारलेलं नाही, फोनही केलेला नाही. पुढची ओळ वाचतोय. आयुष्यात इतकं हळू वाचायची मला कधी चीड आली नव्हती.

बाबा

९ ऑगस्ट

प्रिय टिंब,

वाचलं. या वेळी खरंच वाचलं. अगदी शेवटच्या ‘तुमची टिंब’पर्यंत, आणि ते नाव गिरवलं तेव्हा माझं बोट तिथून उठेना.

मी काय वाचलं ते तुला लिहितो, म्हणजे कुठे चुकलं असेल तर तुला कळेल. तुझे डोळे ठीक आहेत. पुस्तक उघडलंस की तिसऱ्या ओळीपाशी मन निसटतं. मग तू मोबाईल बघतेस, मग पुन्हा पहिली ओळ. तीन वर्षांत तू एकही पुस्तक पुरं केलेलं नाहीस. दिवसभर पुस्तकांची सारं काढणारं यंत्र घडवतेस, आणि संध्याकाळी कपाटातल्या आपल्या जुन्या पुस्तकांकडे पाहुणीसारखी बघतेस. ऑफिसात समोरच्या टेबलावरचा माणूससुद्धा तुला हाक मारत नाही, मोबाईलवर लिहितो, तूही लिहितेस. एकदा दोन दिवस तुझा आवाज कोणी ऐकला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुकानात बोलायला गेलीस तर घोगरा निघाला. हे तू कोणाला सांगितलं नाहीस, कारण लोक हसतील. इथे तू एक शब्द खोडला आहेस. मी खाडाखोडीच्या रेघांखालून बोट घातलं आणि तोही वाचला. ‘भीती’. मला दाखवायचा नसेल तर रागावू नकोस, प्रूफवाल्याच्या बोटाखालून काही सुटत नाही.

आणि मग शेवटी, ‘बाबा, तुमचं खरं होतं की नाही ते मला माहीत नाही. पण एकदा मला वाचून दाखवाल का? पूर्वीसारखं, स्वल्पविरामासकट. लागलं तर मी टेबलाखाली बसेन.’

‘बघ, मी म्हणत नव्हतो’ हे वाक्य मी तीन वर्षं जिभेवर धरून ठेवलं होतं. वाटलं होतं, तू कधीतरी हरून येशील आणि मी ते तोंडावर फेकीन. आता शोधलं तर सापडेना. कुठून सापडणार? तुझं यंत्र मला औषध वाचून दाखवतं, आईला रोज संध्याकाळी बातम्या वाचून दाखवतं. दवाखान्यातली बाई काच बघून रडली ते मी या डोळ्यांनी पाहिलं. माझं खरं होतं की तुझं, ते मलाही माहीत नाही. एवढं माहीत आहे की तू तिकडे एकटी बसून वाचू शकत नव्हतीस आणि मी इकडे, आणि दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. बाप तशी लेक, असं तुझी आई उगाच म्हणत नाही.

गंमत बघ. तू अख्ख्या जगात वाचून दाखवायला सांगितलंस ते कोणाला, तर ज्याला ‘बाबा’ वाचायला सकाळ लागते त्याला. आधी मी हबकलो. तुला कळवू नये असंही वाटलं, म्हणावं माफ कर, आता ते होणं नाही. मग काल कपाटातलं तुझं हत्तीचं पुस्तक काढलं. त्यातली अक्षरं बोराएवढी आहेत, लहान मुलांसाठी. छापील, तरी बसलो. काका समोर बसला, पण मी त्याला वाचू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत एक वाक्य झालं. मोठ्याने म्हटलं, स्वल्पविरामासकट. जंगल आलं, नदी आली, मग हत्ती आला, एवढा थोरला, आपल्या जेवणाच्या टेबलावर! मी ते वाक्य तुला शंभर वेळा वाचून दाखवलं असेन, पण तो हत्ती मला काल पहिल्यांदा दिसला. काका टोपी काढून बसला होता. आई दारात उभी होती, तिने गॅस बंद केला होता.

तर तुझ्या विनंतीचं उत्तर: वाचून दाखवीन. दिवसाला एक वाक्य, इतकीच माझी धाव. तू तिसऱ्या ओळीला निसटतेस ना? मला तिसऱ्या ओळीला पोचायला तीन दिवस लागतील, निसटायला तुला वेळच मिळायचा नाही. मी दमलो की तू वाच, तू अडलीस की काका आहे. वासरात लंगडी गाय शहाणी, म्हणून सध्या आमच्यात काका विद्वान आहे. टेबलाखाली तू आता मावणार नाहीस. समोर बस.

तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, बोलावल्याशिवाय येणार नाही. हे बोलावणं आहे, टिंब. आजारी माणसाचं नाही, ते औषधाने भागतंय. रजा मिळेल तेव्हा नको, पहिल्या गाडीने ये ये.

आजवरची सगळी पत्रं मी न तपासता टाकली. हे तसं टाकायचं नव्हतं. आज सकाळपासून बोटाने पहिल्या ओळीपासून वाचत आलो; अक्षर माझंच आणि मजकूर ताजा, म्हणून बोट भराभर चाललं, तरी आत्ता कुठे संपलं. तीन चुका सापडल्या. दोन सुधारल्या. तिसरी वरच्याच ओळीत आहे, ‘ये’ दोनदा पडलाय. नोकरीत असतो तर एक उडवला असता. राहू दे दोन्ही.

बाबा